रबाळ्यात बांधलेली स्कीची प्रेस

स्कीची एक फळी दाबायला आमच्या प्रेसमध्ये साधारण नऊ टनांचा जोर लागतो. एवढा आकडा ऐकला की लोकांना हायड्रॉलिक जॅक आणि जाडजूड सिलिंडर डोळ्यासमोर दिसायला लागतात. प्रत्यक्षात हा जोर येतो फायर होजमधून. इमारतीच्या जिन्यात लाल पेटीत गुंडाळून ठेवलेला असतो, तोच होज. त्यात हवा भरणारा कॉम्प्रेसरही पंक्चरच्या दुकानात असतो तेवढाच. ही प्रेस आम्ही रबाळे एमआयडीसीतल्या एका गाळ्यात बांधली. तिची आखणी कशी केली ते इथे जरा विस्ताराने लिहितो.

निमित्त भाचीचं. ती उत्तराखंडातल्या औलीला स्कीइंगचा बेसिक कोर्स करून आली, मग पुढचाही केला. वजन जेमतेम ४८ किलो. भाड्याने मिळणाऱ्या स्की तिला फार कडक पडायच्या. स्कीची कड वाकून बर्फात कमान धरते तेव्हा वळण नीट बसतं, आणि हलक्या माणसाच्या वजनाने कडक स्की वाकतच नाही. "मामा, तू एवढ्या मशिनी उभ्या करतोस, मला एक जोडी करून दे ना," असं ती सहज म्हणाली. माझा धंदा न्यूमॅटिक्सचा आहे. पॅकिंग मशिनवरचे सिलिंडर, व्हॉल्व्ह, हवेच्या लाइन हे रोजचंच काम. रबाळ्यात मित्राचं फॅब्रिकेशनचं शेड आहे. त्यामुळे तिचं म्हणणं माझ्या डोक्यातून गेलं नाही.

स्की म्हणजे थर. सगळ्यात खाली घसरायचा तळ, तो सहजी न झिजणाऱ्या जातीच्या पॉलिथिलीनचा. त्याच्या दोन्ही बाजूंना पोलादी कडा. त्यावर काचेचं कापड (फायबरग्लास), मधे लाकडाचा गाभा, पुन्हा काचेचं कापड आणि वर रंगीत शीट. सगळं इपॉक्सीत, म्हणजे कालवल्यावर घट्ट होणाऱ्या पातळ रेझिनमध्ये भिजवलेलं. १९५० मध्ये हॉवर्ड हेड या अमेरिकन माणसाने, जो आधी विमानाच्या कारखान्यात होता, ॲल्युमिनियमचे थर असलेली सँडविच स्की बाजारात आणली. साहित्य पुढे बदलत गेलं, पण वेगवेगळ्या जातीचे थर एकमेकांना असे चिकटवायचे की ते एकाच तुकड्यासारखे वाकले पाहिजेत, ही गरज आजही तशीच आहे. त्यासाठी इपॉक्सी सुकेपर्यंत सगळ्या लांबीवर सारखा दाब हवा.

थर पिशवीत घालून आतली हवा ओढून घ्यायची, म्हणजे व्हॅक्यूम बॅग, तीही वापरता येते, स्वस्तही पडते. पण वातावरणाचा दाब चौरस सेंटिमीटरला एक किलोच्या आसपास असतो आणि व्हॅक्यूममधून त्याहून जास्त कधीच मिळत नाही. पोलादी कडा, जाड कापड आणि टोकाशी वर वळणारा गाभा एकत्र घट्ट बसवायचे तर मला साडेतीन किलो हवे होते. शिकंजे लावून दाबलं तर शिकंज्याखाली दाब जास्त आणि मधल्या जागेत कमी. होजचं तसं नाही. आत हवा आहे, ती प्रत्येक चौरस सेंटिमीटरला सारखीच ढकलते. खालचा भाग थोडा उंच असो की सखल, होज त्याच्या अंगाने बसतो.

पण होजची एक भूमिती आहे आणि सगळी आखणी तिच्यापासून सुरू होते. आपल्याकडे सर्रास मिळतो तो ६३ मिलीमीटर व्यासाचा होज. त्याचा परीघ १९८ मिलीमीटर. चपटा करून ठेवला तर रुंदी सुमारे १०० भरते. हवा भरली की तो गोल व्हायला बघतो, आणि जितका गोल होतो तितका वर-खाली टेकणारा पट्टा अरुंद होतो. वरचा आणि खालचा आधार यांत २० मिलीमीटर जागा ठेवली तर टेकणारी रुंदी उरते ६८ मिलीमीटर. जागा ३० केली तर ५२. म्हणजे गेजवर दाब तोच दिसतो, पण स्कीला मिळणारा एकूण जोर जवळजवळ पाव भागाने घटतो. प्रेस बांधू पाहणाऱ्याला मी पहिल्यांदा हेच विचारीन, की फुगलेल्या होजला जागा किती ठेवली आहेस?

आम्ही २० धरले आणि दोन होज शेजारी शेजारी घेतले. ६८ दुणे १३६ मिलीमीटर, लांबी १९००. क्षेत्रफळ सुमारे २५८० चौरस सेंटिमीटर, गुणिले साडेतीन, म्हणजे नऊ टन. दोन होजच्या मधली फट स्कीवर उमटू नये म्हणून खाली ३ मिलीमीटरचा ॲल्युमिनियमचा पत्रा.

आता हे नऊ टन जातात कुठे? होज खाली जेवढा ढकलतो तेवढाच वरही ढकलतो. खालचा सांगाडा खाली वाकू पाहतो, वरचा वर. जमिनीवर त्यातलं काही येत नाही, सगळा जोर चौकटीतच फिरतो. मी मित्राच्या टेबलावर खडूने हे चित्र काढलं तेव्हा एक गोष्ट माझ्या लक्षात आली आणि पुढचे सगळे निर्णय तिच्यावरच झाले. होजच्या वर जे काही आहे ते थोडं वाकलं तरी होज सांभाळून घेतो, कारण त्या बाजूला फक्त हवेची जागा एखादा मिलीमीटर कमी-जास्त होते. होजच्या खाली जे आहे ते मात्र जसं वाकेल तसंच स्कीत गोठेल. म्हणून पैसा, मापं, डोळ्यांत तेल घालून करायचं काम, सगळं होजच्या खालच्या बाजूला. वर फक्त ताकद पुरेशी हवी.

स्कीच्या मधोमध एक हलकी कमान असते. सपाट जमिनीवर ठेवली तर मधला भाग पाच-सहा मिलीमीटर अधांतरी राहतो. माणूस उभा राहिला की तो दबतो आणि वजन टोकांपर्यंत पसरतं. आता समजा खाली आयएसएमबी १५० जातीचे, म्हणजे १५० मिलीमीटर उंचीचे दोन आय-बीम टाकले आणि त्यांना फक्त दोन्ही टोकांना बांधलं. हिशेब केला तर १९०० मिलीमीटरच्या लांबीत नऊ टनांखाली मधोमध सुमारे २.७ मिलीमीटर झोळ येतो. बीमला काही होणार नाही, ताकदीच्या दृष्टीने तो व्यवस्थित आहे. पण कमानीतला निम्मा भाग त्या झोळात जाईल. तेच बीम दर ३८० मिलीमीटरवर वरच्या सांगाड्याशी बांधले तर झोळ शतांश मिलीमीटरच्याही खाली येतो, कारण झोळ लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो. जाड बीम घेण्यापेक्षा जास्त ठिकाणी बांधणं कितीतरी स्वस्त.

लोखंड कळंबोलीहून आणलं. रबाळ्यात तुकडे मिळाले असते, पण मला एकाच बारमधून कापलेले दोन्ही बीम हवे होते, म्हणजे उंचीत फरक राहिला नसता. कळंबोलीच्या लोखंड बाजारात माझ्यासारखं गिऱ्हाईक म्हणजे किरकोळच, तिथे माल ट्रेलरने उचलला जातो. तरी एका गोदामातल्या मुकादमांनी बार बाहेर ओढून दिले. मी दोरी ताणून सरळपणा बघत होतो तर त्यांनी विचारलं, "साहेब, बंगल्याचं काम आहे का?" बर्फावर घसरायच्या फळ्या दाबायला हवेत म्हटल्यावर त्यांनी आपणहून दोरीचं दुसरं टोक धरलं आणि तिसऱ्या बारवर बोट ठेवलं, "हा घ्या, हा सरळ आहे." तोच घेतला. छोट्या हत्तीत माल टाकून ठाणे-बेलापूर रस्त्याने रबाळ्याला.

बांधायच्या चौकटींचा विचार बराच वेळ चालला. मित्राकडचे वेल्डरकाका चाळीसेक वर्षं हेच काम करत आलेले. त्यांचं मत, चॅनेलचे (सी-आकाराच्या लोखंडी बारचे) पाय उभे करून वेल्ड मारू, एका दिवसाचं काम. "एखादं सूत इकडेतिकडे झालं तर पाचर मारू," असं म्हणाले. सूत म्हणजे तीन मिलीमीटर. गेट, जिना, शेड यांत ते चालतं. मी त्यांना कमानीचं माप दाखवलं आणि म्हटलं, "काका, इथे अख्खी कमानच दोन सुतांची आहे." ते थोडा वेळ ड्रॉइंगकडे बघत राहिले आणि त्यांनीच उपाय काढला. वेल्ड नकोच. १६ मिलीमीटर प्लेटमधून प्रोफाइल कटिंगने बंद चौकटी कापून घ्यायच्या, मधे खिडकी. सगळ्या एकाच फाइलवरून कापल्या की खिडक्या एकसारख्या येणारच. बीम त्या खिडक्यांतून सरकवायचे आणि जागेवर बोल्टने धरायचे, म्हणजे जोराच्या वाटेत एकही वेल्ड नाही. उष्णतेने ओढ बसून लांब बीम वाकडा होण्याची भीतीही गेली.

अशा सहा चौकटी झाल्या. प्रत्येकीवर सुमारे दीड टन, म्हणजे एका पायावर पाऊण. १६ जाड आणि ६० रुंद पायाला हे काहीच नाही. वरच्या बाजूला आय-बीमऐवजी १०० मिलीमीटरचे दोन चॅनेल टाकले, कारण तिथे होज सांभाळून घेणार होता. संपूर्ण सांगाडा दोनशे किलोंच्या आसपास भरला. काकांनी खालच्या बीमवरची मिलस्केल, म्हणजे नव्या लोखंडावरची काळी खपली, घासून उंचसखलपणा मोजणारा डायल गेज फिरवला तेव्हा टोकापासून टोकापर्यंत काटा जेमतेम हलला.

साच्यासाठी एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबलेला बोर्ड) घ्या असं सगळीकडे सांगतात. थंड कोरड्या देशात ठीक आहे. आपल्याकडे जूनमध्ये एमडीएफची कड हाताला फुगलेली लागते. आम्ही स्लॅबच्या सेंटरिंगला वापरतात तो १८ मिलीमीटरचा फिल्म लावलेला शटरिंग प्लाय घेतला. तुर्भ्यात एकजण सीएनसी राउटरवर देवघराच्या आणि ऑफिसच्या पार्टिशनच्या जाळ्या कापतो. त्याला फाइल दिली. प्रत्येक फासळी म्हणजे स्कीचा बाजूने दिसणारा आकार. मधे कमान, पुढे टोकाची मोठी चढण, मागे छोटी. अशा अकरा फासळ्या उभ्या शेजारी शेजारी लावून सुमारे २०० मिलीमीटर रुंदीचा खालचा साचा झाला. आरपार रॉड टाकून आवळला, कापलेल्या कडांना इपॉक्सी पाजलं, वर ॲल्युमिनियमचा पत्रा. वरचा साचा त्याच आकाराचा, पण होज आणि स्कीची जाडी सोडून वर उचललेला. तो वरच्या चॅनेलला कायमचा बसवला. त्याच्या कडा आम्ही पॉलिशही केल्या नाहीत.

होजची टोकं बंद करणं हे या प्रेसमधलं सगळ्यात किचकट काम, आणि यावर हात राखून चालत नाही. टोक चपटं करून १२ मिलीमीटरच्या दोन पट्ट्यांमध्ये दाबायचं, बाहेरून बोल्ट. मधला भाग लगेच बंद होतो. हवा निसटते ती दोन्ही कडांना, जिथे होजची घडी पडते. घडी पूर्ण मिटत नाही, आत थेंबाच्या आकाराची बारीक नळी उरते आणि बोल्ट कितीही आवळले तरी ती राहतेच. आम्ही टोकापासून दोन इंच आतपर्यंत रबराचं अस्तर खरवडून घेतलं, घडीत सायकलच्या ट्यूबची पातळ पट्टी रबर सोल्यूशनने बसवली, ती सुकल्यावरच पट्ट्या आवळल्या. साबणाचं पाणी लावलं, एकही बुडबुडा नाही. हवा आत घ्यायची निप्पल टोकाला न देता होजच्या सपाट बाजूला, दोन्हीकडून वॉशर देऊन.

पहिली चाचणी पाण्याने. हे मी जोर देऊन लिहितो. पाणी दाबलं तरी जवळजवळ आकसत नाही, त्यामुळे होज किंवा पट्टी सुटली तर एक पिचकारी उडते आणि दाब तिथेच संपतो. हवेत मात्र ताकद साठून राहते, आणि सुटलेली लोखंडी पट्टी माणसाच्या अंगावर येऊ शकते. प्लंबर नवीन पाइपलाइन तपासायला हाताने मारायचा टेस्ट पंप वापरतात, तो मागून आणला. वापरायचा दाब साडेतीन, म्हणून चाचणी सव्वापाच किलोला. अर्धा तास काटा स्थिर राहिला तेव्हाच हवेची लाइन जोडली. त्या लाइनवर रेग्युलेटर, साडेचार किलोला उडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह, आणि सोडायचा बॉल व्हॉल्व्ह प्रेसपासून दूर, भिंतीवर. दाब असताना टोकांसमोर कुणी उभं राहायचं नाही, हा नियम भाचीसकट सगळ्यांना.

सांगाडा पावसाळ्यात उभा राहिला, पण स्की आम्ही दिवाळीनंतरच दाबली. नवी मुंबईच्या पावसात उघड्यावर ठेवलेलं लाकूड १७-१८ टक्क्यांपर्यंत ओल धरतं. गाभ्याला ८ ते १० टक्के हवी. ओलं लाकूड इपॉक्सीत बंद केलं तर पुढे गुलमर्गच्या कोरड्या थंडीत ते आकसणार आणि जोडावर ताण येणार. इपॉक्सीलाही दमट हवेचं वावडं, पृष्ठभागावर चिकट मेणचट थर येतो आणि पुढचा थर त्यावर धरत नाही. कॉम्प्रेसरच्या टाकीत तर रोज वाटीभर पाणी साचत होतं.

गाभ्यासाठी पॉप्लर घेतलं. प्लायवूडच्या धंद्यात यमुनानगरकडून येतं तेच. हलकं, सरळ रेषांचं. आमच्या सुतारदादांनी उभ्या पट्ट्या चिकटवून फळी केली आणि मधे ९ मिलीमीटर ते टोकांशी २ मिलीमीटर अशी उतरती जाडी रंध्याने आणली. जाडीचं माप फार नाजूक आहे, कारण कडकपणा जाडीच्या तिसऱ्या घाताने बदलतो. थोडीशीच जाडी उतरवली तरी भाचीच्या पायाला फरक कळणार होता. पोलादी कडा आणि तळाचं पॉलिथिलीन युरोपातून मागवावं लागलं. साध्या पॉलिथिलीनला काहीच चिकटत नाही. स्कीच्या तळासाठी त्याची एक बाजू आधीच प्रक्रिया करून चिकटण्याजोगी केलेली असते.

थर लावायला आम्ही पहाटे सुरुवात केली. तापमान दहा अंशांनी वाढलं की कालवलेलं इपॉक्सी हाताळायला मिळणारा वेळ साधारण निम्मा होतो, आणि दुपारी पत्र्याच्या शेडखाली काय अवस्था असते ते सांगायला नको. रेझिन खोल डब्यात न ठेवता पसरट ट्रेमध्ये ओतलं, कारण ढीग राहिला की ते स्वतःच्या उष्णतेने तापतं. तळ, कडांवर रबराची पातळ पट्टी, कापड, गाभा, कापड, वरची शीट. टोकांना पिना घातल्या, नाहीतर दाब आल्यावर ओले थर कमानीवरून बाजूला घसरतात.

मग ती थरांची थप्पी टोकाकडून सरकवून आत. हवा एकदम दिली नाही. एक किलोवर आणलं आणि थांबलो. कडांमधून रेझिनच्या बारीक रेघा बाहेर आल्या. दोन किलो, पुन्हा थांबलो. मग साडेतीन. घाईने दाबलं तर रेझिन भसकन निघून जातं आणि कापड कोरडं राहतं. हवेचा फुगा निघायला आणि रेझिन धाग्यांत शिरायला वेळ द्यावा लागतो. वर आणि खाली सिलिकॉनचे हीटर पॅड होते, दोन्हींना वेगळे कंट्रोलर, दोन्ही ५५ अंशांवर. दोन्हीकडे तापमान सारखं असणं फार महत्त्वाचं. एक बाजू जास्त तापली तर थंड होताना थर वेगवेगळे आकसतात आणि कमान बदलते. हीटर बंद केल्यावरही दाब तसाच ठेवला, फळी हाताला गार लागेपर्यंत.

बॉल व्हॉल्व्ह उघडल्यावर होज चपटा झाला आणि काकांनी घट्ट झालेली थप्पी बाहेर ओढली. कापायच्या आधीच स्की उलटी करून सरळपट्टी लावली. साच्यात कमान ७ मिलीमीटरची होती, स्कीत साडेपाच उतरली. थोडी सुटणार हे धरूनच ७ ठेवली होती. दुसरी फळी त्याच पद्धतीने दाबली, तिच्यात ५.७. जोडीतल्या दोन फळ्यांत ०.२ चा फरक, तोही बहुधा लाकडाचा. काकांनी दोन्ही फळ्यांचे तळ एकमेकांना लावून उजेडासमोर धरल्या. मधली फट टोकाकडे एकसारखी निमुळती होत गेलेली दिसत होती. "चौकटी कापून घेतल्या ते बरं झालं," एवढंच ते म्हणाले.

भाचीने ती जोडी गुलमर्गला नेली. फोनवर तिने सांगितलं ते मी लिहून घेतलं. मधला भाग तिला हवा तसा वाकतो, वळण लवकर धरतं, पण बर्फ दाबून सपाट केलेल्या उतारावर वेग वाढला की पुढचं टोक फडफडतं. म्हणजे टोकाकडचा गाभा जास्त पातळ झाला आहे. पुढच्या जोडीत चढण सुरू होते तिथे तो अर्धा मिलीमीटर जाड ठेवायचं ठरलं आहे. सुतारदादांनी पट्ट्या चिकटवून ठेवल्या आहेत, त्या सध्या मित्राच्या एसी केबिनमध्ये वाळत आहेत. ओल मोजायचं मीटर काल ११ दाखवत होतं. दहाच्या खाली आलं की रंधा लावू.